खालचं बटण

कॉम्प्युटरचं बटण पोटाखाली द्यायची अक्कल ज्या कुणाला सुचली, त्याला मला एकदा समोर बसवून चार शब्द ऐकवायचे आहेत. पंचवीस वर्षं मी सावेडीत पाईपलाईन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय. पूर्वी ही मोठमोठी खोकी यायची, पण बटण समोर, अंगठ्याएवढं, अंधारात चाचपडलं तरी सापडायचं. मग सगळं लहान होत गेलं. आता पेढ्याच्या बॉक्सएवढा डबा येतो, दिसायला देखणा, आणि त्याचं चालू-बंद करायचं बटण कुठं, तर खालच्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात. डबा एका बाजूनं उचला, बोट आत घाला आणि शोधत बसा. का, तर समोरून छान दिसावा म्हणून. बटण दिसलं तर कुणाची अब्रू जात होती?

हे भाषण मी गिऱ्हाइकांना कितीदा तरी ऐकवलंय आणि त्यांना हसवलंय. आता ऐकवत नाही. पुढं जे झालं ते सगळं त्या न पाहिलेल्या माणसावर ढकलता आलं असतं, तर मी केव्हाच ढकलून मोकळा झालो असतो. करून बघितलं, जमत नाही.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पारनेरकडचं एक जोडपं दुकानात आलं. राधाकृष्ण साठीच्या आतबाहेरचे, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्यांची बायको गोजरबाई त्यांच्यामागं उभी. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते ती टेबलावर ठेवेना. शेवटी राधाकृष्णांनीच ते तिच्या हातातून सोडवून घेतलं. आत खिशात मावेल एवढी हार्ड डिस्क होती, एक कोपरा चेपलेला.

"पोराची हाय," राधाकृष्ण म्हणाले. "पार्थची. लग्नाचं शूटिंग करायचा. मे महिन्यात गेला."

एक लग्न उरकून रात्री घरी येताना सुप्याच्या पुढं टँकरनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं होतं. कॅमेऱ्याचा चुरा झाला, मोबाईलचाही. पाठीवरच्या बॅगेत ही डिस्क होती, ती तेवढी पोलिसांनी परत दिली.

"आमच्याकडं त्याचं काय बी न्हाई बगा," राधाकृष्ण म्हणाले. आणि ते खरंच होतं. निम्म्या तालुक्याची लग्नं त्या पोरानं काढली, पण कॅमेऱ्यामागं कायम तोच. दशक्रियेच्या बॅनरवर लावायला फोटो मिळेना, तेव्हा आधार कार्डावरचा मोठा करून लावला. एका मित्राच्या मोबाईलात तो वरातीत नाचतानाचं पंधरा सेकंदांचं चित्रण होतं, पण डीजेच्या दणदणाटात तो काय ओरडतोय ते कळत नव्हतं.

फेब्रुवारीत मात्र त्याच्या बहिणीचं, मोनिकाचं लग्न झालं होतं. कानपिळीला नवरीचा भाऊच लागतो, म्हणून पार्थनं कॅमेरा मित्राच्या हातात दिला आणि स्वतः पुढं झाला. त्यानं नवरदेवाचा कान असा पिळला की नवरदेव कळवळला, सगळा मांडव हसला आणि पार्थही हसला. हसत हसत काहीतरी बोललाही, आणि मग पुन्हा हशा झाला. ते शूटिंग या डिस्कमध्ये होतं. बहिणीच्या लग्नाचं काम फुरसतीनं करू म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं होतं आणि दुसरीकडं कुठंही उतरवलेलं नव्हतं.

"मी तवा पाव्हन्यांच्या जेवनाचं बगत हुते," गोजरबाई पहिल्यांदाच बोलली. "हासायचा आवाज तेवढा आला. काय म्हनला आसंल त्यो? ज्याला इचारावं त्यो येगळंच सांगतो. तेवढं मला दाखवा. बाकीचं न्हाई निगालं तरी चालंल."

मी त्यांच्यासमोरच डिस्क जोडून बघितली. फिरली, पण घरघर करत. पडद्यावर नावांची यादी उमटली. त्यात 'मोनिका' असं लिहिलेलं दिसल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवलं. गोजरबाईनं पुढं होऊन त्या नावावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

"नीट ऐका," मी म्हणालो. "ही डिस्क फार दमलीय. मी पुण्याहून दुसरी मागवतो आणि हिच्यातलं सगळं हळूहळू तिच्यात उतरवून घेतो. तीन-चार दिवस लागतील. पण एकदा काम सुरू झालं की हिला थांबवायचं नाही. मध्येच बंद पडली तर परत उठेल याची खात्री नाही."

"न्हाई थांबवायची," गोजरबाई म्हणाली. जणू मी तिलाच बजावत होतो.

मी या कामात कमी पडलो असं कुणी म्हणू नये. नवी डिस्क आली तेव्हा मी सगळा विचार केला. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून काम इन्व्हर्टरवर घेतलं. मोठं मशीन इन्व्हर्टर पटकन खाऊन टाकतं, म्हणून तो पेढ्याच्या बॉक्सएवढा डबा निवडला. त्याला वीज लागते जेमतेम. पार्थच्या डिस्कलाही वीज त्याच डब्यातून मिळत होती. डबा आतल्या टेबलावर ठेवला, वायरी चिकटपट्टीनं टेबलाला पक्क्या केल्या आणि वर 'वायरींना हात लावू नये' असा कागद लावला. अष्टमीच्या आदल्या दिवशी काम सुरू केलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ राधाकृष्णांना फोन करून सांगत राहिलो, आज इतकं झालं, उद्या इतकं होईल. दसऱ्याच्या सकाळी अर्ध्याच्या पुढं काम गेलं होतं. डिस्कची घरघर आता माझ्या कानाला सवयीची झाली होती.

दसऱ्याला दुपारी दोघं स्वतःच आली. गोजरबाईच्या पिशवीत झेंडूची फुलं होती, स्वतःच्या रानातली. मी दुकानातल्या पूजेची तयारी करत होतो. आमच्याकडं शस्त्रं म्हणजे पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मशिनी. दरवर्षी मी प्रत्येकाला हळद-कुंकू लावतो, फूल वाहतो.

"आमच्या घरी औंदा सन न्हाई," ती म्हणाली. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, ते मला ठाऊक होतं. "कॅमेऱ्याची पूजा दर दसऱ्याला त्यो करायचा. औंदा कॅमेरा बी न्हाई. पन त्यो ह्याच्यात हाय म्हनून आले. ह्याची पूजा मी केली तर चालंल का, सर?"

नाही म्हणणारा माणूस मी नाही, आणि त्या बाईला तर कुणीच नाही म्हणालं नसतं. "करा ना, मावशी," मी म्हणालो. "फक्त वायरींना हात लावू नका."

तेवढ्यात शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. त्याचे सीसीटीव्ही कॅमेरे बंद पडले होते आणि बाहेर दर्शनाची गर्दी होती. मी पुढच्या खोलीत जाऊन त्याला कुठली वायर कुठं लावायची ते सांगत राहिलो. आत गोजरबाईनं आपल्या पदरानं टेबल पुसलं. डब्याला हळद-कुंकू लावलं. मग तिला वाटलं, पूजा होतेय आणि खाली काहीच आसन नाही. नुसतं टेबल. पिशवीत तिनं नवा कोरा खण आणला होता. देव्हाऱ्यातला देव उचलावा तसा तिनं तो डबा दोन्ही हातांनी, वायरी जराही न ताणता, अलगद वर उचलला, आणि राधाकृष्णांनी खालून खण सारला.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की फोनवर बोलता बोलता मागची घरघर थांबलीय. मी आत धावलो. डब्यावरचा बारीक दिवा गेला होता. डबा खणावर छान बसला होता, चारी बाजूंनी झेंडू, आणि ती दोघं हात जोडून उभी होती.

"दर्शन घ्या," एवढंच म्हणालो आणि त्यांना आपट्याची पानं देऊन वाटेला लावलं. मग दार ओढून घेतलं आणि डब्याखाली बोट घालून बटण दाबलं. डबा चालू झाला. डिस्क तीनदा टकटकली आणि गप्प बसली. संध्याकाळपर्यंत मी वेगवेगळ्या वायरी लावून बघितल्या, थंड करून बघितली, शेवटी हात जोडून बघितले.

आता जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगतो. त्या बटणाचं तोंड बंद करता येतं. मशीनमध्ये आत जाऊन एकदा सांगून ठेवायचं, की बटण दाबलं गेलं तरी काही करू नकोस. दोन मिनिटांचं काम. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांना मी ते न मागता करून देतो. इतकी वर्षं त्या बटणाला शिव्या घालणारा मी, आणि नेमकं या वेळी ते माझ्या ध्यानातच आलं नाही. लाईट, वायर, इन्व्हर्टर, सगळं बघितलं. ते राहिलं.

डिस्क पुण्याला पाठवली. तिथं असल्या डिस्क उघडणारे लोक आहेत. दिवाळी झाल्यावर त्यांचा निरोप आला, आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही. आधी उतरवून घेतलेल्या निम्म्या भागात लोकांची अकरा लग्नं निघाली. पूर्ण केलेली, वर गाणी घातलेली. मूळ आवाज पार्थनं स्वतःच काढून टाकलेला. ती अकराही लग्नं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. कुठं आरशात, कुठं काचेत तरी तो दिसेल असं वाटलं होतं. नाही दिसला.

त्यांना बोलावलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की डिस्क फार खराब होती, नशीब, एवढंच सांगायचं. सांगितलंही. गोजरबाई खुर्चीत नुसती बसून राहिली. राधाकृष्ण मात्र उसळले. दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती, एक तर माझ्या गल्लीतलंच.

"तुमी तर म्हनला, अर्धं झालंय! रोज फोन करीत हुता! मंग आसं कसं झालं? तुमाला येत न्हवतं तर घेतलं कशाला? पोराची येवढी येक गोष्ट ऱ्हायली हुती, ती बी तुमी घालवली."

मला राग लवकर येतो. घरचे सांगतात, मला माहीत आहे, आणि तरी येतो. तीन आठवडे मी झोपलो नव्हतो, पुण्याला दोनदा स्वतः जाऊन आलो होतो, आणि हा माणूस चार लोकांत मला येत नाही म्हणतो!

"मी नाही घालवली," मी म्हणालो. "दसऱ्याला मावशींनी डबा उचलला ना, त्याच्या खाली बटण आहे. ते दाबलं गेलं आणि मशीन बंद पडलं. मी सांगितलं होतं की नाही, हिला थांबवायचं नाही म्हणून?"

शब्द बाहेर पडले तसं मला कळलं की मी काय केलंय. राधाकृष्णांचं तोंड तसंच उघडं राहिलं. गोजरबाईनं आपले दोन्ही हात मांडीवरून उचलले, उलटे केले आणि बोटांकडं बघितलं.

"कोन्त्या बोटानं?" तिनं मला विचारलं.

ती उठली, हात पदरात गुंडाळून घेतले आणि बाहेर जाऊन उभी राहिली. राधाकृष्ण डिस्क न घेताच तिच्यामागं गेले. मी त्यांना हाक मारायला हवी होती. ते दोन मिनिटांचं राहिलेलं काम तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाइकं उभी होती, आणि माझी बाजू खरी ठरली होती. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला जरा बरंही वाटलं.

महिन्याभरानं राधाकृष्ण एकटेच आले. भांडायला नाही. दुकानात कुणी नव्हतं तरी हळू आवाजात बोलले.

"ती बटनाला हात लावीत न्हाई, सर. कशाच्याच. दिवा लावीत न्हाई, मोटर चालू करीत न्हाई. ग्यास सोडला, चुलीवर करती. मोनिकाचा फोन आला तर नुसता वाजू देती. मी रानातनं येईस्तोवर अंधारात बसून ऱ्हाती. म्हनती, माझा हात वंगाळ हाय." त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मी बोललो नसतो तर तुमी बी बोलला नसता. आता येक करा. घरी या आनि तिला सांगा, डिस्क आधीच ग्येलती. खोटं आसंल तरी सांगा."

रविवारी दुपारी मी गाडी काढली. पारनेर सोडून पुढं सात-आठ किलोमीटर, ज्वारीच्या रानांमधून कच्चा रस्ता, आणि शेवटी त्यांची वस्ती. डिस्क मी रुमालात गुंडाळून आणली होती. काय बोलायचं ते वाटेनं दहा वेळा घोकून पाठ केलं होतं.

राधाकृष्ण ओट्यावर बसले आणि मला आत जा म्हणाले. बाहेर अजून उजेड होता, आत मात्र अंधारायला लागलं होतं. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा केलेला पार्थ. चेहरा फुटून ठिपके झालेला. गोजरबाई त्याच्याखाली बसली होती. तिनं मला बस म्हटलं, चुलीवरचा काळा चहा दिला, डिस्क घेतली आणि मांडीवर ठेवली.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी रागात बोललो. ती डिस्क आधीच गेली होती. तुमच्या उचलण्यानं काही झालेलं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. हिशोब जुळतो का ते बघावं तसं ती बघत होती.

"तवा खोटं बोलला, का आत्ता बोलताय?"

पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. मी पेला खाली ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. डब्याचं बटण खाली असतं, ते चुकून दाबलं जातं, मला ठाऊक होतं. त्याचं तोंड बंद करता येतं, तेही ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी केलं नाही. पूजा करा म्हणालो तेव्हाही, डबा उचलू नका, एवढे तीन शब्द बोललो नाही. "चूक माझी आहे, मावशी. सगळी माझी. आणि ती मी तुमच्यावर टाकली."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदा विचारलं, "म्हंजे तुमी ते केलं आसतं, तर मी उचलूनशान बी बंद पडलं नसतं?"

"नसतं पडलं."

"आनि त्यो दिसला आसता?"

"बहुतेक दिसला असता."

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल. द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"तुमचं ऱ्हायलं ते ऱ्हायलं," ती म्हणाली. "मानसाचं ऱ्हातं कायबाय. पन दाबलं कुनी?"

राधाकृष्ण ओट्यावरून म्हणाले, "अगं, त्ये काय सांगत्यात..."

"तुमी गप बसा. सर, दाबलं कुनी?"

मी चुलीकडं बघत राहिलो. तिनं मांडीवरची डिस्क परत रुमालात नीट गुंडाळली, गाठ मारली.

"मंग," ती म्हणाली.

घरात आता तिचा चेहराही मला धड दिसत नव्हता. मी उठलो. ओट्यावर राधाकृष्ण गुडघ्यांत मान घालून बसले होते. उंबऱ्यात चपला पायात सरकवत होतो, तेव्हा मागून तिनं हाक मारली.

"सर, जाताना तेवढा दिवा लावून जा."

बटण दाराशेजारीच होतं, ती बसली होती तिथून हात लांब केला तरी पोहोचेल एवढ्यावर. मी ते दाबलं आणि बाहेर आलो.